पावती जपून ठेवा
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



पूर्वी आपला माल आठवड्याच्या बाजारात विकायचा. गिऱ्हाईक समोर उभं असायचं. एका हाताने माल द्यायचा, दुसऱ्या हाताने पैसे घ्यायचे. आता मोबाइलवर फोटो पाहून लोक माल मागवतात. सोलापूरकडची शेंगदाण्याची चटणी मुंबईला जाते, घोंगडी पुण्याला जाते. गिऱ्हाईक आपल्याला दिसत नाही. मधे असतो तो कुरिअरवाला, नाही तर पोस्टमन.

आणि कधी कधी माल मधेच हरवतो.

समजा, तुमच्या बचत गटाने दोन घोंगड्या पाठवल्या. किंमत ३,००० रुपये. आठ दिवसांनी गिऱ्हाईक म्हणतं, "माल आला नाही. माझे पैसे परत करा." कुरिअरवाला म्हणतो, "आम्ही तर पोचवला." आता खरं कुणाचं? ३,००० रुपये कुणाच्या पदरचे जायचे? अशा वेळी तोंड कितीही चालवलं तरी उपयोग होत नाही. तिथे कागदच बोलतो.

पहिला कागद पत्त्याचा. आपल्याकडे वडगाव किती आणि पिंपळगाव किती! नुसत्या नावावर माल भलत्या गावी जातो. म्हणून तर १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. ती योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाने आखली. पिनकोडचे सहा आकडे, तालुका, जिल्हा आणि गिऱ्हाइकाचा फोन नंबर ठळक लिहा. एक चिठ्ठी पुडक्याच्या आतही ठेवा. वरची फाटली तर आतली कामी येते.

दुसरा कागद पावतीचा. स्पीड पोस्टच्या पावतीवर तेरा खुणांचा नंबर असतो. आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी पुन्हा दोन अक्षरं. कुरिअरचाही नंबर असतो. माल कुठवर गेला, ते त्या नंबरावरून मोबाइलवर कळतं. पुडक्यावरचा नंबर आणि पावतीवरचा नंबर एकच आहे ना, ते तिथेच उभं राहून पाहा. वजन पाहा. पुडक्याचा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा.

पावतीवरचा बारीक मजकूरही सोडू नका. वाचता येत नसेल तर विचारा. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने एका खटल्याचा निकाल दिला. एका कारखान्याने कुरिअरने जर्मनीला पाठवलेले कागद पोचलेच नाहीत. नुकसान लाखांचं झालं. पण भरपाई शंभर डॉलरच्या वर मिळणार नाही, असं कुरिअरच्या कागदावर छापलेलं होतं, आणि खाली सही होती. कोर्टाने शंभर डॉलरच मान्य केले. पाहिलंत, सहीला केवढी किंमत असते! माल किमती असेल तर विमा उतरवता येतो का, ते माल देण्याआधी विचारा.

एवढं करूनही माल हरवला तर? आधी नंबर टाकून पाहा. मग गिऱ्हाइकाला गोडीने विचारा, "शेजाऱ्याकडे ठेवलाय का? रखवालदाराकडे आहे का?" पुष्कळदा माल तिथेच सापडतो. नाही सापडला तर कुरिअरकडे लेखी तक्रार करा. पावतीचा नंबर, तारीख, माल आणि किंमत लिहा. माल कुणाच्या हाती दिला, त्याची सही किंवा फोटो मागा. तक्रारीचा नंबर घ्या आणि नक्कल जवळ ठेवा. एखाद्या कंपनीमार्फत विकलं असेल तर तिथेही कळवा. तक्रारीची मुदत ठरलेली असते, म्हणून आज-उद्या करू नका. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आता एका लबाडीपासून सावध राहा. "तुमचं पार्सल अडकलंय, पाच रुपये भरा, या दुव्यावर बोट लावा," असे निरोप येतात. बोट लावू नका. कुरिअरचा फोन नंबर पावतीवरूनच घ्या. मोबाइलवर शोधलेला नंबर चोराचाही असू शकतो. पैसे मिळवून देतो म्हणून कुणी ओटीपी मागितला, तर देऊ नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

राहता राहिलं गिऱ्हाईक. पुरावा हाती येईपर्यंत त्याला खोटं म्हणू नका. "चौकशी चालू आहे, अमुक दिवशी कळवते," असं सांगा आणि त्या दिवशी खरोखर कळवा. माल पोचलाच नाही असं ठरलं, तर दुसरा पाठवा किंवा पैसे परत करा. ३,००० रुपये पुन्हा मिळवता येतात. गेलेलं नाव मिळवायला फार दिवस लागतात.

तुम्ही वाचायला शिकलात ते अशाच कामासाठी. काल जिथे अंगठा उठवत होतात, तिथे आज वाचून सही करा. पावत्यांसाठी घरात एक पिशवी करा आणि ती खुंटीला टांगा. माल पोचून पैशांचा हिशेब पुरा होईपर्यंत त्या पिशवीतला एकही कागद चुलीत जाऊ देऊ नका.