स्वातंत्र्य कोणाचें?

(बीड जिल्ह्यांतील शेतकरी व कारागीर यांच्या सभेंत केलेलें भाषण)



अमेरिकेंतील मतामतांचा वाद बीडच्या शेतकऱ्यापुढें कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ही वाट आम्हांस जोतीराव फुले यांनींच दाखविली. १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक छापतांना त्यांनीं तें अमेरिकेंतील काळ्या लोकांची गुलामी मोडणाऱ्या सज्जनांस अर्पण केलें. ज्यांचें दुःख एक, त्यांनीं एकमेकांचे धडे वाचावे, हाच त्यांतला बोध.

प्रथम गुलामीचे कैवारी काय म्हणत तें पाहा. १८३७ सालीं कॅल्हून नांवाच्या पुढाऱ्यानें तेथील वरिष्ठ सभेंत सांगितलें कीं, गुलामी हें पाप नसून गोऱ्या-काळ्या दोघांच्याहि हिताची गोष्ट आहे. पुष्कळ धर्मोपदेशक त्यास शास्त्राधार पुरवीत होतेच. ही भाषा आम्हांस नवी नाहीं. पायरीखालीं बसण्यांतच तुमचें कल्याण, असें येथल्या शास्त्रांनींहि आम्हांस पिढ्यान्‌पिढ्या ऐकविलें. उलट उदारमतवाद म्हणाला, माणूस जन्मतः मोकळा आहे, कायद्यापुढें सर्व सारखे, आणि ज्यास जें खरें वाटेल तें त्यानें बोलावें. या मताचा जोर, खुद्द गुलामांची धडपड व चार वर्षांची लढाई मिळून १८६५ सालीं गुलामी कायद्यानें बंद झाली. एवढें श्रेय त्या मतास दिलेंच पाहिजे.

पण पुढें काय झालें? त्याच वर्षाच्या आरंभीं सेनापति शर्मन यानें समुद्रकांठची जमीन सुटलेल्या कुटुंबांस चाळीस एकरांपर्यंत वांटण्याचा हुकूम काढला होता. वर्ष संपण्यापूर्वींच अध्यक्ष जॉन्सन यांनीं ती जमीन जुन्या मालकांस परत देण्यास लावलें. बेडी तुटली, पण पाय ठेवण्यास भुई उरली नाहीं. मग तोच माणूस बटाईनें मालकाच्या शेतांत राबूं लागला. बीं-बियाणें उधार, मीठ-पीठ उधार. कापूस निघाला कीं हिशेब, आणि वही दुसऱ्याच्या हातीं! वर्षाअखेर अंगावर बाकी निघे ती निघेच.

दुसरी गोष्ट ऐका. पाव भाजणाऱ्या मजुरांस दिवसाला दहा तासांपेक्षां अधिक राबवूं नये, असा कायदा न्यूयॉर्क प्रांतानें केला होता. १९०५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द केला. कारण काय, तर मालक व मजूर दोघेहि करार करण्यास स्वतंत्र आहेत! भरल्या पोटाचा आणि रिकाम्या पोटाचा करार बरोबरीचा कसा, हें त्या स्वातंत्र्यानें विचारलें नाहीं.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. दसरा-दिवाळी आली कीं धारूर, वडवणी, पाटोदा, आष्टी या भागांतून माणसें ऊस तोडण्यास निघतात. मुकादम उचल देतो. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. खाडा झाला कीं पैसे कापतात. उचल फिटली नाहीं तर बाकी पुढल्या सालावर. पोरांची शाळा मागें राहते. आमच्या भगिनींच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढण्याचा प्रकार इतका वाढला कीं, २०१९ सालीं सरकारास चौकशी समिती नेमावी लागली. यावरहि म्हणणारे म्हणतात, करार तर राजीखुशीचा आहे! हा तोच पाववाल्यांचा न्याय नव्हे काय?

अमेरिकेंतील कष्टकरी मात्र स्वस्थ बसले नाहींत. १८९२ सालीं शेतकऱ्यांनीं लोकपक्ष काढला. रेल्वे सरकारनें चालवावी, मोठ्या मिळकतीवर मोठा कर घ्यावा, कोठारांत ठेवलेल्या मालावर अल्प व्याजानें कर्ज द्यावें, असें त्यांचें मागणें होतें. त्यांस दहा लाखांवर मतें पडलीं. पक्ष पुढें मोडला. पण मिळकतीवरचा कर १९१३ सालीं राज्यघटनेंत आला. पक्ष हरला तरी मागणें जिंकूं शकतें.

समाजवादी डेब्स यास लढाईविरुद्ध भाषण केल्याबद्दल १९१८ सालीं दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० सालीं तुरुंगांतून उभा राहून त्यानें नऊ लाखांवर मतें घेतलीं. यावरून दिसतें कीं, भाकरीची बाजू मांडणारासहि बोलण्याचें स्वातंत्र्य लागतें. निजामी अमलांत राहिलेल्या बीडकरांस हें समजावणें नको. तेथें १९३८ सालीं स्टेट काँग्रेसवरच बंदी होती.

पुढें रूझवेल्ट यांच्या अमदानींत, १९३५ सालीं, मजूर संघांस कायद्याचें पाठबळ मिळालें. पण शेतमजूर व घरकाम करणारे त्यांतून वगळले, आणि दक्षिणेंतील काळे मजूर बहुतेक त्याच कामांत होते! कायदा झाला एवढ्यानें भागत नाहीं. त्यांत कोणास गाळलें तें पाहावें. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठांत ज्यांच्यापाशीं शिकले, त्या जॉन ड्यूई यांनींहि जुना उदारमतवाद धनिकांची ढाल झाला आहे, असें बजावलें. आणि मत सर्वांचें सारखें, पण समाजांत व संसारांत विषमता, ही विसंगति लोकशाहीस उलथील, असा इशारा बाबासाहेबांनीं २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटना समितींत दिला.

बीड जिल्हा मतांच्या नांवांस भ्यालेला नाहीं. सत्यशोधक चळवळींत घडलेले क्रांतिसिंह नाना पाटील यांस त्यानें १९६७ सालीं कम्युनिस्ट म्हणून लोकसभेंत धाडलें, १९७७ सालीं गंगाधरअप्पा बुरांडे यांस धाडलें. दुसऱ्या पक्षांसहि आळीपाळीनें धाडलें. तरी हातांतला कोयता सुटला नाहीं.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच. कोणी उदारमतवादी येवो, समाजवादी येवो, कीं जुनें तें सोनें म्हणणारा येवो, त्यास चार गोष्टी विचारा. उचलीची लेखी पावती व हिशेबाची वही मजुराच्या हातीं देवविशील काय? पोरें शाळेंत ठेवण्याची सोय करशील काय? आजारी बाईचा खाडा माफ करविशील काय? आणि आम्हीं तुझ्याविरुद्ध बोललों तर बोलूं देशील काय? पहिल्या तिहींस हो म्हणून चौथ्यास नाहीं म्हणेल त्याचा भरंवसा धरूं नका. चौथ्यास हो म्हणून पहिल्या तीन टाळील त्याचाहि धरूं नका.

वही वाचतां आल्याशिवाय ती मागून उपयोग नाहीं. तेव्हां लेकींसह सर्व पोरांस शिकवा, आणि यंदा कोयता धरण्यापूर्वीं सर्व टोळीनें मिळून हिशेबाची वही मागा.