माकडाचं घर



आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. मोठं निरूपण बाकीच्या महाराजांनी केलंच आहे. आम्ही आपली माकडाची गोष्ट सांगतो, तुम्ही लहानपणी ऐकलेलीच.

माथेरानच्या डोंगरात एक माकड होतं. आषाढात पाऊस लागला, आठ दिवस सूर्य नाही. माकड उंबराच्या फांदीवर कुडकुडत बसलं नि म्हणालं, "उघडीप पडू दे, घरच बांधतो." नुसतं म्हणालं नाही बरं का, सगळं ठरवलं. दार उगवतीला, कारवीचा कूड, पुढं ऐसपैस ओटा. उघडीप पडली, माकड ऊन खात बसलं. पुढं चैत्र-वैशाखात करवंदं, जांभळं. घर कुणाच्या ध्यानात? परत पाऊस लागला, परत तीच फांदी, परत तेच घर. या खेपेला माडी वाढवली होती एवढंच.

लोक म्हणतात माकड आळशी. पण ते झोपून कुठं होतं? दिवसभर उड्या मारीत होतं. संकल्पही खोटा नव्हता. तो पावसात सुचायचा, नि काम होतं उन्हाचं.

आपला राब बघा. शेण, पालापाचोळा, गवत, वर बारीक माती, हे सगळं फाल्गुन-चैत्रात रचून भाजायचं. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, रोप जोमानं येतं. वळवाची सर आली की ओला राब नुसता धुमसतो. हल्ली कुणी गादीवाफा करतात, चांगलंच आहे. पण तोही आधीच करावा लागतो. बियाणं १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून बुडवायचं, तरंगेल ते पोचट काढायचं. मीठ आणायला मृगात बाजारात धावणारेही आम्ही पाहिलेत! आयाबायांचं तसं नाही. त्यांची आगोट, पापड-मिरची-मसाला, लाकूडफाटा, गोवऱ्या, वैशाखातच घरात.

आणि घाटावर बघा. चार महिन्यांचा पाऊस धरणांत साठवून खोपोलीचं वीजघर १९१५ पासून नि भिवपुरीचं १९२२ पासून चालतंय. तेच पाणी सुटून पाताळगंगेला, पेजेला येतं, म्हणून राजनाल्यावर उन्हाळी भात होतं.

आता वारीचं. राब चुकला की पेरणी मागं, लावणी मागं, कापणी मागं. कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत टाळ वाजतात नि हा खळ्यावर मळणी काढतो. वर म्हणतो, माऊलीनं बोलावलंच नाही! माऊलीनं बोलावलं होतं, मंडळी, फाल्गुनात बोलावलं होतं.

दुसरे म्हणतात, नोकरी सुटली की माळ घालू, वारी धरू. नोकरी सुटेस्तोवर गुडघे धरतात, नि आपल्याला तर पहिल्याच टप्प्यात बोरघाट चढायचा असतो. आमच्या बरोबरीचे कितीतरी असेच राहिले. त्यांना हसू नये. मनापासून येणार होते ते.

तर यंदा ज्यांना चालायचंय त्यांनी नाव आजच प्रसाद घेऊन जाताना विणेकऱ्यांकडं द्या. तंबू, शिधा, टेम्पो ठरवायला माणसं किती ते कळलं पाहिजे. आणि उद्यापासून रोज गावच्या वेशीपर्यंत तरी अनवाणी चालून बघा.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.