घरातील यंत्रे आणि त्यांचे धनी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हांस आज ‘आधुनिक जीवन’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय मोठा आहे आणि आमचा अधिकार लहान. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे, अर्थशास्त्रीही नव्हे. घरात जी यंत्रे आली, जी टिकली आणि जी नादुरुस्त होऊन माळ्यावर गेली, त्यांच्याविषयी एका गृहस्थाला जे वाटते तेवढेच आम्ही सांगणार आहोत.

प्रथमच स्पष्ट करतो की, ‘जुने ते सोने’ म्हणून गळा काढण्यासाठी आम्ही उभे राहिलेलो नाही. मिक्सरच्या वाटपाला पाट्यावरची चव येत नाही, असे म्हणणारे पुष्कळ पुरुष आम्हांस भेटले. परंतु त्यांच्यापैकी पाट्यापुढे बसून कधी खोबरे वाटलेला एकही भेटला नाही. ज्या यंत्राने आपल्या मातांच्या खांद्यांना आणि मनगटांना विसावा दिला, त्याला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. तीच गोष्ट मोबाइलवरून पैसे देण्याची. ही सोय देशात २०१६ साली सुरू झाली. आज मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे घेऊन बसलेल्या बाईच्या टोपलीशेजारीही तो काळ्या-पांढऱ्या चौकटींचा कागद दिसतो. ‘सुटे नाहीत’ या सबबीवर तिचे दोन-चार रुपये बुडविणाऱ्या आमच्यासारख्या गिऱ्हाइकांची पंचाईत झाली, हे न्यायाचेच झाले. आंब्याच्या बागाईतदारालाही वाशीच्या बाजारातील पट्टीची वाट न पाहता पुण्यातील गिऱ्हाइकाशी थेट बोलता येऊ लागले आहे, हा लाभ लहान नव्हे.

मग तक्रार कसली? ती सांगण्यासाठी थोडी घरगुती हकीकत सांगावी लागेल.

आमच्या थोरल्या भगिनी दापोली तालुक्यात आमच्या जुन्या घरी एकट्या राहतात. दिनांक ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस किनाऱ्याला धडकले आणि दापोली-मंडणगड हे तालुके त्याच्या तडाख्यात सापडले. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, घरांवरची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब मोडून पडले आणि त्यांच्यामागोमाग मोबाइलचे मनोरेही मुके झाले. त्या वेळी करोनामुळे प्रवासावर निर्बंध होते. पाच दिवस आम्हांस ताईंचा शब्द ऐकू आला नाही. आमच्या घरात तेव्हा लहानमोठे मिळून चार फोन होते. ते चारही आम्ही पुढ्यात मांडून बसलो होतो.

सहाव्या दिवशी कोणाच्या तरी मोटारसायकलवरून निरोप आला. ताई सुखरूप होत्या. अडचण झाली होती ती पाण्याची. विहिरीवर पंप बसविला, तेव्हा ‘आता याची काय गरज’ म्हणून रहाट काढून टाकण्याचा सल्ला आम्हीच दिला होता. त्या रहाटाचे लाकडी चाक आमच्या एका भाच्याने पुण्याच्या सदनिकेत शोभेसाठी भिंतीवर टांगले आहे. पुढे भेट झाली तेव्हा ताई एवढेच म्हणाल्या, “अरे, पाणी विहिरीत होतं, डोळ्यांना दिसत होतं, पण वर यायला तयार नव्हतं.” शेजारच्या वाडीतील एका माणसाने जुना दोर आणि पोहरा शोधून आणला, त्यावर त्यांनी दिवस काढले. त्या भागातील कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. बाहेरच्या जगाची वार्ता ताईंना मिळाली ती एका जुन्या ट्रान्झिस्टरवर, आणि तो चालू होता याचे कारण त्यात तीन साध्या बॅटऱ्या घातल्या की तो कोणालाही काही विचारीत नाही.

पंप वाईट आणि रहाट चांगला, असा निष्कर्ष यावरून कोणी काढू नये. ताईंचे वय पाहता पंप हवाच. परंतु पंप आणताना रहाट काढण्याचे काय कारण होते, याचे उत्तर आम्हांस आजतागायत सापडलेले नाही. नवी वस्तू आली की जुनीला घराबाहेर काढलेच पाहिजे, ही समजूत आपल्या मनात कोणी भरविली?

दुसरी हकीकत आमच्या शीतकपाटाची. आपल्या किनाऱ्यावरची हवा खारट. त्यात पावसाळ्याचे चार महिने अशी ओल की कपाटातील पादत्राणांवरही बुरशी धरते. लोखंडाला गंज चढतो हे पूर्वीपासून ठाऊक होते. आता तोच खार यंत्राच्या आतील नाजूक पट्ट्यांवरही बसतो. आमचे शीतकपाट चौथ्या वर्षी थंड झाले, म्हणजे खरे तर थंड होईनासे झाले. उत्पादकाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांचा माणसू आठ दिवसांनी आला, त्याने मागची झडप उघडून पाहिले आणि “हे मॉडेल बंद झालं, बोर्ड मिळणार नाही, नवीन घ्या,” असा निर्णय देऊन तपासणीचे पैसे घेऊन गेला. पूर्वी वैद्यसुद्धा रोग्याला इतक्या लवकर सोडीत नसत.

अखेर गावातील एका तरुण कारागिराला बोलाविले. त्याने तोच बोर्ड काढला, त्यावरचा मुंग्यांचा संसार ब्रशाने झाडला, एक जळका भाग बदलून डाग दिला, आणि अर्ध्या तासात यंत्र सुरू झाले. त्याने जे पैसे मागितले ते सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो, इतके ते अल्प होते. तीन पावसाळे झाले, यंत्र चालू आहे.

आमचे मत या दोन प्रसंगांवरून बनले आहे. जी वस्तू बंद पडली असता गावातील माणसाला उघडता येते आणि नीट करता येते, तिचे आपण मालक. जी तशी उघडता येत नाही, तिचे पैसे आपण पूर्ण दिलेले असले तरी आपण तिचे भाडेकरूच. सरकारच्याही हे ध्यानात आले आहे. ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली झाला. २०२२ च्या ग्राहकदिनी, २४ डिसेंबरला, केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने एक संकेतस्थळ उघडले. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती गिऱ्हाइकाला मिळावी, हा त्याचा हेतू. हेतू स्तुत्य आहे. तथापि हक्क कागदावर असून भागत नाही, तो बजावणारा हात गावात असावा लागतो.

अलीकडच्या काळातील कोणते यंत्र आपणांस सर्वांत आवडते, असे कोणी विचारले तर आम्ही निःशंकपणे ‘नूतन झेला’ असे उत्तर देऊ. मुंबईकर तरुणांसाठी सांगतो, आंबे काढण्याचे हे साधन आहे. जुन्या झेल्याने फळ ओढले की देठ निसटे, चीक सालीवर ओघळून डाग पडत आणि फळ देठाकडून कुजे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याच जुन्या झेल्याला पाते बसवून असे रूप दिले की आंबा देठासकट कापून अलगद जाळीत पडतो. त्याला ना वीज, ना बॅटरी, ना परवलीचा शब्द. जाळी फाटली तर बागेतील गडी शिवतो, पाते बोथट झाले तर धार लावतो. आपल्या कोकणातील विद्वानांनी आपल्या कोकणातील झाडाकडे पाहून केलेली ती सुधारणा आहे.

आता थोडे कटू बोलतो, क्षमा असावी. आमचे शीतकपाट नीट करणारा तो तरुण आपल्या ज्ञातीतील नाही. तसा असता तर काय झाले असते, याचा आम्ही विचार केला. आपल्या मंडळाच्या वधूवर सूचक पुस्तिकेत त्याच्या नावापुढे ‘दुरुस्तीचा व्यवसाय’ असे छापले गेले असते आणि एकाही पित्याने पत्रिका मागविली नसती. तोच मुलगा मुंबईत कोठेतरी कारकुनी करता, त्याच्या निम्मे मिळविता, तरी स्थळ ‘नोकरदार’ म्हणून पुढे सरकले असते. पदवीधरांचा सत्कार आपण दर वर्षी याच व्यासपीठावर करतो आणि तो करावाही. परंतु औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून विजेचे किंवा शीतयंत्राचे काम शिकून आलेल्या मुलामुलीला या व्यासपीठावर नारळ दिल्याचे आम्हांस आठवत नाही.

म्हणून कार्यकारिणीला आमची विनंती आहे की, पुढील वर्षापासून अशा एका विद्यार्थ्यासाठी किंवा विद्यार्थिनीसाठी पारितोषिक ठेवावे, आणि ते रोख न देता हत्यारांच्या पेटीच्या रूपाने द्यावे. पहिल्या पेटीचे पैसे आम्ही आज चिटणीसांच्या हवाली केले आहेत. ताईंच्या विहिरीवर या मे महिन्यात नवा रहाट बसला, पंप आहे तेथेच आहे. भाच्याने चाक काही परत दिले नाही. सुताराकडून दुसरे करून घ्यावे लागले.

पाने मांडल्याची वर्दी आली आहे, तेव्हा आपली रजा घेतो.