दुधांतील औषधाचा अंश

रात्रीं कोमट दुधाला विरजण लावावें आणि सकाळीं दह्याऐवजीं पातळ दूधच हातीं यावें, असें झालें म्हणजे गृहिणी थंडीला किंवा विरजणाला दोष देते. बहुधा तो दोष खराहि असतो. परंतु क्वचित् तिसरें एक कारण दुधांतच दडलेलें असतें, आणि तें जिभेला किंवा नाकाला मुळींच कळत नाहीं.

गाईला कासदाह, म्हणजे शेतकरी ज्याला ‘दगडी’ म्हणतात तो रोग, झाला कीं सडांतून पेनिसिलिनसारखें औषध आंत सोडतात. आजारी जनावराला औषध मिळालेंच पाहिजे. मात्र पुढें कांहीं दिवस त्याचा अंश दुधांत उतरत राहतो. किती दिवस, तें वेष्टनावर छापलेलें असतें. तेवढ्या मुदतींतील दूध विकावयाचें नसतें. ज्याच्या दारीं दोनच गाई, त्याला तें ओतून देणें म्हणजे घरखर्चच ओतून देणें होय. त्याला नुसता उपदेश करून भागत नाहीं.

दूध उकळलें म्हणजे झालें, अशी समजूत आहे. उकळीनें जंतु मरतात, पण पेनिसिलिन बहुतांशीं तसेंच राहतें. कांहीं माणसांना त्याचें वावडें असतें. शिवाय अल्प मात्रेंत वारंवार भेटणाऱ्या औषधाला रोगजंतु पुढें जुमानीनासे होतात.

श्रोतेहो, हा अंश ओळखण्याची युक्ति मोठी मार्मिक आहे. जें विरजणाचें दुर्दैव, तेंच येथें साधन केलें आहे. ‘जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस’ नांवाचा उष्णताप्रिय जंतु जांभळ्या रंगद्रव्यासह अगरच्या थरांत मिसळून लहान नळींत भरतात. वर दुधाचे दोनएक थेंब टाकून नळी सुमारें ६४ अंश सेंटिग्रेडवर अडीच-तीन तास ठेवतात. दूध निर्दोष असेल तर जंतु वाढतो, आम्ल तयार होतें व जांभळा रंग पिवळा पडतो. औषध असेल तर रंग जांभळाच राहतो. पेनिसिलिनची ‘कोडेक्स’नें ठरविलेली मर्यादा लिटरमागें ४ मायक्रोग्रॅम, म्हणजे २,५०,००० लिटर दुधांत १ ग्रॅम, इतकी सूक्ष्म आहे! औषध कोणतें, हें मात्र नळी सांगत नाहीं. त्यासाठीं निराळी परीक्षा करावी लागते. टँकर दारांत उभा असतां तीन तास थांबवत नाहीं. तेथें कांहीं मिनिटांत रेघ उमटविणाऱ्या पट्ट्या वापरतात.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या पाहणींत देशभरांतील ६,४३२ नमुन्यांपैकीं ७७ नमुन्यांत अशा औषधांचा अंश मर्यादेबाहेर आढळला. शेंकडा एकाहून थोडें अधिक हें प्रमाण थोडें वाटेल. पण दूध एकट्याचें राहत नाहीं. परीक्षा गांवच्या संकलन-केंद्रावर झाली, तर सदोष कॅन तेवढा मागें राहतो. ती टँकर भरल्यावर झाली, तर सगळा टँकर परत फिरतो, आणि त्यांत नियम पाळणाऱ्यांचेंहि दूध असतें.