वरठी, भंडारा आणि जवाहरनगर
(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आज आपण जेथे जमलो आहोत, त्या परिसराचा थोडा इतिहास-भूगोल आपणांपुढे मांडण्याची आज्ञा कार्यकारिणीने मला केली, याबद्दल मी ऋणी आहे.

आपल्या भागात तीन वस्त्या तीन कारणांनी वाढल्या. वैनगंगेच्या काठचे भंडारा हे जिल्ह्याचे ठाणे. पितळी भांड्यांसाठी त्याची ख्याती. भोवती धानाची शेती आणि मालगुजारी तलाव. दुसरी वस्ती वरठी. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरमापी मार्ग 1882 पर्यंत राजनांदगावास पोहोचला. छत्तीसगडचे धान्य बाहेर नेणे हा त्याचा प्रमुख हेतू. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो आपल्याकडे घेऊन रुंदमापी केला. मार्ग भंडारा शहरास टाळून गेला; म्हणून वरठीच्या स्थानकास ‘भंडारा रोड’ हे नाव मिळाले. स्थानकाच्या नावातील ‘रोड’ याचा अर्थच असा, की गाव अजून पुढे आहे! त्या अंतरामुळेच वरठीला बाजार व वस्ती लाभली.

तिसरे आपले जवाहरनगर. भंडाऱ्याच्या पश्चिमेस, नागपूरच्या वाटेवर, 1960 च्या दशकात आयुध निर्माणी उभी राहिली आणि पंडित नेहरूंच्या नावाची ही वसाहत वसली. रेल्वेचा फाटा वरठीहून येथवर आला. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे येथे शेजारी झाली. येथील मुले मराठी बोलली, तरी घरी कोणाची भाषा बंगाली, कोणाची तेलुगू, कोणाची हिंदी.

आता लोकसंख्येचा विचार करू. 2001 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या 11,36,146 होती, ती 2011 मध्ये 12,00,334 झाली. म्हणजे दहा वर्षांत वाढ सुमारे साडेपाच टक्के. त्याच काळात महाराष्ट्राची वाढ सुमारे सोळा टक्के होती. पुढची जनगणना ठरल्या वेळी, 2021 मध्ये, झाली नाही. तरी या आकड्यांचा अर्थ आपल्या घरोघरी ठाऊक आहे: मुले शिकतात आणि नागपूर-पुण्याची गाडी धरतात.

सरकारी निवासस्थानाचा धर्म असा, की नोकरी संपली की घर सोडावे लागते. ज्या अंगणात मुले लहानाची मोठी झाली, ते अंगण दुसऱ्याच्या स्वाधीन करून कुटुंब निघते. गावात पणजोबांची आठवण सांगणारा म्हातारा सापडतो. वसाहतीत तो सापडत नाही. इतिहास जाणणारी माणसेच दरवर्षी निरोप घेतात. 24 जानेवारी 2025 रोजी निर्माणीतील स्फोटात कामगार बंधूंनी प्राण गमावले. त्यांची नावेही उद्या शेजाऱ्यांच्या तोंडूनच टिकायची. पण शेजारी विखुरले तर ती सांगणार कोण?

म्हणून माझी एक विनंती आहे. सभासदांच्या यादीत आपण मूळ गाव व सध्याचा पत्ता लिहितोच. त्यापुढे आणखी एक रकाना घालावा: येथे केव्हा आलो, कोणत्या कामास आलो, शेजारी कोण होते. शेजारी आपल्या समाजाचा नसला तरी त्याचे नाव लिहावे, कारण अडीअडचणीला प्रथम तोच धावला. निवृत्त मंडळींनी सांगावे आणि शाळकरी मुलांनी लिहून घ्यावे. यास खर्च एका वहीचा आहे.

रुळांनी आणि कारखान्याने माणसे येथे आणली. ती येथे नांदली, ही नोंद मात्र आपणांसच करावी लागेल.