आजार तोच, रूपं वेगळी

आज आम्ही स्किझोफ्रेनियाबद्दल बोलणार आहोत. नाव अवघड आहे, पण आजार अनोळखी नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, जगात दर ३०० माणसांमागे साधारण एकाला तो असतो. म्हणजे आपल्या गावातही कुणाच्या तरी घरात असणार. आपण त्याला "करणी केली", "बाहेरचं लागलं" असं म्हणून मोकळं होतो, एवढंच.

आमच्या गटातल्या एका ताईचा लेक बारावीला होता. आधी त्याची झोप उडाली. मग अंघोळ टाळायला लागला, मित्रांत जाईना, अभ्यासात मन लागेना. आम्ही म्हणालो, वयच तसं आहे. हे सहा-सात महिने चाललं. आजाराची पहिली चाहूल अशीच असते, हळू आणि फसवी. सगळ्यांच्याच बाबतीत ती आजाराची असते असं नाही, पण लेकरू एवढं बदललं तर दाखवून घ्यायला काय हरकत आहे?

पुढं तो एकटाच बोलायला लागला. कुणी नसताना त्याला आवाज ऐकू यायचे. शेजारी पाण्यात विष घालतात म्हणून तो घरचं पाणी पिईना. हा आजाराचा भडका. या वेळी "असं काही नाही, खोटं बोलतोस" म्हणून वाद घालू नये, कारण त्याला ते खरंच ऐकू येतं. "तुला भीती वाटते ना, आम्ही आहोत," एवढं म्हणावं आणि डॉक्टरकडं न्यावं. बांधून ठेवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीनं बांधायला मनाई आहे.

गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांत आवाज कमी झाले, पाणी प्यायला लागला. घरात आनंद झाला. पण लेकरू गप्प. ना हसणं, ना बोलणं, दिवसभर भिंतीकडं बघत बसायचं. घरचे म्हणू लागले, "आता बरा झालाय, नुसता आळस भरलाय." बायांनो, आमची चूक झाली ती इथंच. हा आळस नव्हता, आजारानं रूप बदललं होतं. आवाज गोळ्यांनी लवकर हटतात. मनाची उभारी मात्र हळूहळू येते, कधी पुरती येतही नाही. टोमण्यांनी ती येत नाही. शेळीला पाला टाक, दोन घागरी पाणी आण, अशी रोजची छोटी कामं सांगावीत आणि केलं की चांगलं म्हणावं. कधी कधी गोळ्यांमुळंही सुस्ती येते, हात थरथरतात, वजन वाढतं. तसं झालं तर डॉक्टरांना सांगावं, गोळ्या मनानं बंद करू नयेत.

दिवाळीनंतर ते कुटुंब ऊसतोडीला गेलं. पोरगं बरं दिसत होतं, गोळ्या संपल्या, कारखान्यावरून दवाखाना लांब. काही महिन्यांतच कोपीवर पुन्हा रात्र-रात्र जागणं सुरू झालं, मग आवाज. पट्टा पडायच्या आधीच त्यांना परत यावं लागलं. उचल अंगावर राहिली ती राहिलीच.

म्हणून आमचं सांगणं असं. टोळी निघण्याआधी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन या. जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का, महिन्याला एक इंजेक्शन चालेल का, हे विचारा. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. झोप उडाली की समजा, आजार पुन्हा दार वाजवतोय. तेव्हाच टेली मानसच्या १४४१६ वर फोन करा. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. कुणी मरणाची भाषा करत असेल तर त्याला एकटं सोडू नका.

आणि हा आजार फक्त पोरांचा नाही. बायांना तो बहुधा काही वर्षं उशिरा होतो, काहींना पाळी जायच्या वयात. अशा सुनेला माहेरी धाडून देण्याआधी तिला डॉक्टरकडं न्या. वय वाढलं की पुष्कळांचे आवाज आणि संशय निवतात, काहीजण चांगले सावरतात, काहींना आयुष्यभर आधार लागतो. सगळ्यांची वाट सारखी नसते.

त्या ताईचा लेक आज गावातच आहे. गोळ्या चालू आहेत. अजून कमी बोलतो. पण परवा आमच्या बैठकीत त्यानं स्वतःहून सगळ्यांना चहा दिला. त्याची आई पदरानं डोळे पुसत होती. ते चहाचे कप किती मोठे होते, ते आम्हालाच ठाऊक. राम राम.