पारोळ्यात चित्रप्रदर्शन? हो, आणि तेही दिवाळीत!

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत. आज बोलायचंय एकल चित्रप्रदर्शनाबद्दल. म्हणजे एकाच चित्रकाराची चित्रं, आणि ती लावायची सगळी तयारी आपली आपण करायची. कुठे? आपल्या पारोळ्यात.

विषय का निघाला ते सांगतो. मला शाळेत चित्रकला शिकवणारे सर आता सत्तरीला आलेत. त्यांच्या घरात कपाटावर, पलंगाखाली मिळून साठेक जलरंगातली चित्रं आहेत. किल्ल्याचा बुरूज, कापसाच्या गाड्या, बोरी नदी, बाजारात मिरच्या घेऊन बसलेली आजी. गावानं यातलं एकही बघितलेलं नाही. आणि सरांना काचबिंदू आहे, नजर कमी होत चाललीय. त्यामुळे ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणायची सोय नाही. प्रदर्शन ते स्वतः बघू शकतील तेव्हाच व्हायला हवं.

मित्र म्हणाले, मुंबईला जहांगीरला लाव ना. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून आहे, मोठं नाव आहे. पण तिथे आधी अर्ज, मग निवड, मग तारखेसाठी कित्येक वर्षांची वाट. आणि मुंबईतल्या माणसाला तो बुरूज म्हणजे एक बुरूज. इथल्या माणसाला तो त्याच्या रोजच्या रस्त्यावरचा बुरूज.

आता कामाचं. सगळ्यात आधी तारीख ठरवा. एप्रिल-मे बाद, आपल्याकडचं ऊन माहितीये तुम्हाला. शिवाय तेव्हा लग्नं. श्रावणात कानबाईला अख्खी भाऊबंदकी घरी येते, पण पावसात कागद ओल धरतो. उरली दिवाळी. पुणे, मुंबई, सुरत, सगळीकडची पोरं घरी. आणि गंमत बघा, तुळशीचं लग्न लागेपर्यंत लग्नाचे मुहूर्त नसतात. म्हणजे मंगल कार्यालयं रिकामी! आम्ही भाऊबीजेनंतरचे तीन दिवस धरलेत. मालकानं भाडंही कमी केलं.

दुसरं, भिंत मोजा. आमच्या हॉलमध्ये वापरता येईल अशी भिंत 60 फूट. एक फ्रेम दोन फूट, मधे दीड फूट मोकळी जागा. म्हणजे एका चित्राला साडेतीन फूट. भागाकार केला तर 17 चित्रं. साठ नाही, सतरा! सर म्हणाले, “अरे, बाकीच्यांनी काय पाप केलंय?” पण चित्रं खेटून लावली की लोक नुसते चालत जातात, थांबत नाहीत. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर ठेवा, सुतळी बांधून सरळ रेष घ्या. ट्यूबलाइट समोर असेल तर काचेत चित्राऐवजी बघणाऱ्याचं तोंड दिसतं. म्हणून लाइट वरून, तिरका.

खर्चात सगळ्यात मोठा आकडा फ्रेमचा. आम्हाला एका फ्रेमचे 800 सांगितलेत, म्हणजे 17 चे 13,600. ही ऑर्डर दिवाळीच्या दीड महिना आधी द्यायची, सणाच्या तोंडावर कुणाच्याच हाताला वेळ नसतो.

तिसरं, बॅकअप. इंजिनिअर आहे, बोलणारच! चित्र घराबाहेर काढायच्या आधी त्याचा नीट फोटो किंवा स्कॅन करा. मेजर रॉबर्ट गिल हे नाव ऐकलंय? अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला ते 1840 च्या दशकात इकडे आले आणि वर्षानुवर्षं राबले. ती चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती, आणि 1866 च्या आगीत त्यातली बहुतेक जळून गेली. प्रदर्शनातच! गिल यांची कबर आपल्या भुसावळला आहे. आपल्या खिशात तर कॅमेरा आहे, वापरा.

आता प्रसिद्धी. इन्स्टावर रील टाकायची, हो, टाकायचीच. दिवाळीला घरी येणारा माणूस तीच बघून येईल. पण लाइक करणारा हॉलपर्यंत येतोच असं नाही. म्हणून मी एक एक्सेल शीट केलीय. एका रकान्यात चित्र, दुसऱ्यात त्या चित्राशी नातं असलेली माणसं. मिरच्यांवाल्या आजीचे नातू आजही बाजारात बसतात. त्यांना व्हॉट्सअॅप फॉरवर्ड नाही पाठवायचं, दुकानावर जाऊन सांगायचं, “काका, तुमच्या आजीचं चित्र आहे, घरच्यांना घेऊन या.” 17 चित्रांची 17 घरं, आणि एकेक घर पाच-दहा माणसं घेऊन येतं. शाळांमध्ये चित्रकलेच्या शिक्षकांना पत्र द्यायचं. आणि आदल्या दिवशी भोंगा लावलेली रिक्षा गावातून फिरवायची. हसू नका, गावात तीच सगळ्यात मोठी नोटिफिकेशन आहे.

किंमत लिहायची का? लिहायची. आपल्याकडे माणूस भाव विचारायला लाजतो आणि निघून जातो. प्रत्येक चित्राखाली नाव, माध्यम, साल, किंमत. विकलं गेलं की कोपऱ्यात लाल टिकली. ज्यांना मूळ चित्र परवडत नाही त्यांच्यासाठी छोटे प्रिंट ठेवा.

सरांना अजून धाकधूक आहे. “कोण येणार रे बघायला? मी काही मोठा चित्रकार नाही.” त्यांना मी चाळीसगावच्या केकी मूस यांचं उदाहरण दिलं. टेबलटॉप फोटोग्राफीतला फार मोठा माणूस. जवळपास 50 वर्षं ते आपल्या बंगल्याबाहेर क्वचितच पडले, 1989 मध्ये वारले. पण फोटो परदेशातल्या स्पर्धांपर्यंत पोचले, बक्षिसं मिळवून आले. आज त्यांचं घर संग्रहालय म्हणून बघता येतं. माणूस घरात राहिला तरी चालतं, काम बाहेर जायला हवं. सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बुरुजाचं चित्र दाराजवळ लाव. आत येताना दिसलं पाहिजे.”

तर मंडळी, तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल. भरतकाम करणारी मावशी, मूर्ती घडवणारे काका, फोटो काढणारा भाऊ. या रविवारी त्यांच्याकडे जा, त्यांचं काम मोजा, त्याचे फोटो काढा आणि कॅलेंडरवर एका तारखेला गोल करा. पुढचं सगळं त्या तारखेपासून उलटं मोजत जायचं.

आणि दिवाळीला पारोळ्याला येत असाल तर नक्की या. चित्रासमोर उभं राहून एखादी आजी म्हणाली पाहिजे, “हाई ते आपलं गाव शे!” भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. राम राम!